थडग्यावरची मराठी कोण वाचणार?

एम. ए.च्या वर्गात भाषेच्या इतिहासाच्या पहिल्या तासाला आपण विद्यार्थ्यांपुढे काय ठेवतो? दगड ठेवतो. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला श्रवणबेळगोळचा लेख, अक्षीचा शिलालेख, पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख. अक्षीच्या लेखातील शक नेमका कोणता यावर विद्वानांच्या पिढ्या भांडल्या आणि ते भांडण आपण परीक्षेत दहा गुणांना विचारतो. शं. गो. तुळपुळे यांनी 1963 साली ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ सिद्ध केले तेव्हापासून या साधनांना एक प्रतिष्ठाही आली. गधेगाळीवरची असभ्य शापवाणीसुद्धा आपण गंभीर चेहऱ्याने शिकवतो, आणि ते योग्यच आहे. भाषा जिथे सापडेल तिथे तिला गाठले पाहिजे. मग तीच मराठी, तसाच दगड आणि तशीच छिन्नी असताना, तो दगड एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला असला आणि चर्चच्या आवारातील कबरीवर उभा असला की तो अभ्यासातून बाद कसा होतो?

हा प्रश्न मला हवेत सुचलेला नाही. आमच्या भागातील एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय मांडला होता: जुन्या मिशनच्या दफनभूमीतील मराठी स्मृतिलेख आणि तेथील दफनाच्या नोंदवहीतील भाषा. विषय परत आला. शेरा असा की, हे काम इतिहास विभागाचे आहे. तिने इतिहासाच्या मंडळींकडे विचारणा केली, तर ते म्हणाले की स्मृतिलेख म्हणजे वाङ्मयाचा प्रांत. दोन विभागांच्या बांधावर पडलेला हा दगड कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. शेवटी तिने एका लोकप्रिय कादंबरीकाराच्या स्त्रीव्यक्तिरेखांवर प्रबंध लिहिला. त्या विषयावरचे याआधीचे प्रबंध ग्रंथालयात एका कपाटात मावत नाहीत. असो.

मी वरठीला राहतो. आमच्या गावाचे नाव स्टेशनवर नाही. तिथली पाटी ‘भंडारा रोड’ अशी आहे. रेल्वेने गावे आपल्या सोयीने ओळखली, ज्या मोठ्या ठिकाणी उतरून जायचे त्याचे नाव मोठे. पण या रुळांवरून मराठी साहित्याचा एक प्रसंग गेलेला आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे 1880 साली राजनांदगावपर्यंत पोचली, पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ती रुंदमापी केली. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला याच मार्गाने निघाले होते. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले, त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नागपूर आणि राजनांदगाव यांच्यामध्ये वरठी टाळून जाणारा रूळ तेव्हा नव्हता. ही हकीकत मराठीचा प्रत्येक प्राध्यापक रंगवून सांगतो. ‘स्मृतिचित्रे’ तर आपल्या गळ्यातला ताईत. परंतु टिळक ज्या समाजात गेले तो समाज आपल्या वाङ्मयेतिहासात कुठे आहे? टिळकांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या मागे, धूसर, पार्श्वभूमीसारखा. त्याचे लोक जन्मले, बोलले, मेले, त्यांनी आपल्या मेलेल्यांसाठी मराठीत चार ओळी जुळवल्या, हे आपल्या गावीही नाही. ‘मिशनऱ्यांचे वाङ्मय’ असे एक प्रकरण असते, त्यात कोश, व्याकरण, बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857), की प्रकरण संपले. जणू मराठी ख्रिस्ती माणसे म्हणजे मिशनऱ्यांनी छापलेल्या पुस्तकांचे परिशिष्ट.

आता भाषेचाच मुद्दा घेऊ, कारण आपण भाषेचे लोक. ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द घ्या. मृत माणसाच्या नावाआधी आपण कैलासवासी लिहितो, वैकुंठवासी लिहितो. मुसलमान गृहस्थाविषयी मराठी वृत्तपत्रे ‘पैगंबरवासी’ लिहितात. ख्रिस्ती मराठी माणसाने याच साच्यात ‘ख्रिस्तवासी’ घडवला. पण साचा तोच राहिला तरी आतला अर्थ हलला. कैलास आणि वैकुंठ ही स्थाने आहेत, ख्रिस्त ही व्यक्ती आहे. व्यक्तीत वास करणे ही कल्पना पौलाच्या पत्रांतली, आणि ती शैव-वैष्णव प्रत्ययावर बसवली गेली. 1956 नंतर आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडे बौद्धांनी हा वासी-प्रत्ययच नाकारला आणि ‘कालकथित’ हा शब्द रूढ केला. एकाच प्रदेशात, एकाच बाजारात सामान घेणाऱ्या माणसांनी मृत्यूसाठी तीन वेगवेगळे शब्द कसे घडवले, कोणी साचा ठेवला आणि कोणी मोडला, यावर समाजभाषाविज्ञानाचा एक अख्खा पेपर उभा राहील. त्याची साधने कुठे आहेत? दगडांवर, निधनवार्तांत आणि चर्चच्या नोंदवह्यांत.

किंवा ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ हा प्रयोग घ्या. मरणाला झोप म्हणणे आपल्याला नवे नाही, चिरनिद्रा आणि काळझोप आहेतच. परंतु त्या झोपेतून उठायचे आहे, ही अपेक्षा त्या शब्दांत नाही. दफनभूमीसाठी युरोपीय भाषांत जो शब्द रूढ आहे तो मुळात ग्रीक असून त्याचा अर्थच ‘झोपण्याची जागा’ असा आहे. बायबलच्या भाषांतरातून हा अर्थ मराठीत आला आणि पाथरवटाच्या हातून दगडावर उतरला. तो पाथरवट बहुधा ख्रिस्ती नसे. देवळाची पायरी घडवणारा हातच क्रूसही घडवी. त्याने ऱ्हस्व-दीर्घ कसे कोरले, ‘झोपी गेला’ कोणासाठी आणि ‘झोपी गेले’ कोणासाठी, हे पाहिले पाहिजे. आदरार्थी बहुवचन कोणाच्या वाट्याला आले, स्वयंपाकिणीच्या की कॅटेकिस्टाच्या? बाईच्या कबरीवर तिचे स्वतःचे नाव येते की नुसते ‘अमक्याची पत्नी’? आडनाव कोणत्या पिढीपासून लागू लागते? ओवी कोरली आहे की इंग्रजी स्तोत्राचे भाषांतर? मराठीच्या विद्यार्थ्याखेरीज हे प्रश्न कोण विचारणार? इतिहासवाला तारीख टिपून घेईल आणि निघून जाईल.

आणि तारखांचेही काम कोणाच्या सोयीने झाले ते पाहा. ओ. एस. क्रॉफ्टन या अधिकाऱ्याने मध्यप्रांत-वऱ्हाडातील थडगी व स्मारके यांवरील लेखांची यादी चरित्रात्मक टिपांसह तयार केली. ती 1932 साली नागपूरला सरकारी छापखान्यात छापली गेली. मद्रास इलाख्यासाठी असेच काम जे. जे. कॉटन यांनी 1905 सालीच केले होते. ही कामे मेहनतीची आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यांची नजर प्रामुख्याने युरोपियन मृतांवर आहे: कॅप्टन, कलेक्टर, त्यांच्या बायका, तापाने गेलेली त्यांची तान्ही मुले. ती नजर त्यांची होती, त्यांनी ती वापरली. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावर आपण मराठी स्मृतिलेखांची तशी एक जिल्हावार यादी केलेली नाही, याचा दोष क्रॉफ्टनसाहेबाच्या पदरात घालता येत नाही.

नोंदवह्यांची व्यवस्था समजून घेतली की हा असमतोल अधिक बोचतो. दफनाच्या नोंदीत साधारणपणे मृत्यूचा दिवस, दफनाचा दिवस, नाव, वय, व्यवसाय, मृत्यूचे कारण आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूची सही असे रकाने असत. कंपनीच्या काळात चॅप्लेनने या नोंदींच्या नकला इलाख्याच्या मुख्य ठिकाणी पाठवायच्या आणि तिथून त्या लंडनला जायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिकांत आहेत. कामठीची छावणी 1821 साली वसली. तिथली फौज मद्रास लष्कराची, म्हणून कन्हानच्या काठी पटकीने मेलेल्या सोल्जराची जुनी नोंद मद्रासच्या मालिकेत शोधावी लागते. 1976 साली इंग्लंडमध्ये दक्षिण आशियातील दफनभूमींसाठी एक संस्थाच स्थापन झाली, आणि 2014 पासून लंडनच्या नोंदींचा मोठा भाग संगणकावर, पैसे मोजून, पाहता येतो. म्हणजे कामठीत पुरलेल्या सोल्जराचा पणतू मँचेस्टरमध्ये चहा पिता पिता आपल्या पणजोबाचा ताप शोधू शकतो. भंडाऱ्याच्या मिशनमध्ये वाढलेल्या पोरक्या मुलीच्या पणतीसाठी अशी सोय नाही. तिची नोंद लंडनला गेली असण्याची शक्यता कमी. असली तर ती इथेच, एखाद्या चर्चच्या लाकडी कपाटात, वाळवीच्या सोबतीला आहे.

पोरकी मुलगी मी उगाच म्हटले नाही. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत पिळून काढला, आणि आईबाप गेलेली असंख्य मुले मिशनच्या आश्रयाला आली. बाप्तिस्म्याच्या वहीत अशा मुलाला एक नाव मिळे. पित्याचे नाव, गाव, जात हे रकाने अनेकदा कोणाला भरताच येणार नव्हते. त्यातली काही मुले लगेच दगावली, म्हणजे बाप्तिस्मा आणि दफन या दोन नोंदींमध्ये त्यांचे सारे आयुष्य. दुष्काळावरच्या मराठी साहित्याची चर्चा करताना आपण कथा-कादंबऱ्या चाळतो. एका नावाच्या या ओळी आपण साहित्य म्हणून वाचाव्यात असे माझे म्हणणे नाही. दुष्काळाचे साहित्य वाचणाऱ्याने त्या वाचलेल्या असाव्यात, एवढेच आहे.

नोंदवही काय सांगत नाही हेही वाचायला शिकले पाहिजे. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. त्यात रेसिडेन्सीतला जॉर्ज सोदबी हा अधिकारी मारला गेला. त्याचा बाप विल्यम सोदबी हा कवी, वीलांटच्या ‘ओबेरॉन’चा आणि होमरचा भाषांतरकार, म्हणून तो मुलगाही इंग्रजी चरित्रकोशात एका वाक्यापुरता अमर झाला. त्याच टेकडीवर कंपनीचे मद्रासी शिपाई पडले, आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब आणि मराठे पडले. चर्चच्या वहीत त्यांना जागा असण्याचे कारण नव्हते आणि दुसरी वही कोणी ठेवली नव्हती. खलित्यात त्यांचा आकडा येतो, नाव येत नाही. हा फरक विद्यार्थ्याला दाखवायचा तर आधी ती वही उघडावी लागेल.

इथे हमखास एक आक्षेप येतो आणि तो आजकाल फार विद्वत्तापूर्ण परिभाषेत येतो: हे सारे वसाहतवादी अभिलेख आहेत, यांच्यामागे सत्तेची दृष्टी आहे, यांत रमणे म्हणजे साहेबाची भाषा बोलणे. चर्चासत्रांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते सुरू झाले की मी चहाला उठतो. अभिलेखामागे सत्ता असते हे खरे. पण हे वाक्य म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी दफनाची एक नोंदवही हातात घेतली आहे? न वाचलेल्या कागदाची चिकित्सा करण्याची ही नवी रीत मोठी सोयीची आहे. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले, ती दप्तरेही सत्तेचीच होती. जमाखर्च, महजर, करिना यांत काय रयतेचा आवाज होता? तरी आपण त्यांतून मराठी गद्याचा इतिहास लिहिला.

याच्या उलट टोकाला स्मरणरंजनवाले आहेत. त्यांना पडकी कमान, शेवाळलेला देवदूत आणि अठरा वर्षांची इंग्रज वधू एवढेच दिसते. त्यांच्या छायाचित्रांत मराठी अक्षर असलेला दगड शोधून सापडत नाही. तो सुंदर नसतो. साधा चौकोनी काळा पाषाण, वर चुन्याचा हात, अक्षरे वाकडी. खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, आणि तिथे गवताची पातीसुद्धा शिस्तीत उभी असते, कारण त्यासाठी राष्ट्रकुलाचा आयोग आणि त्याचा निधी आहे. मेलेल्यांतही पेन्शनवाले आणि बिनपेन्शनवाले असतात, हे तिथून थेट एखाद्या जुन्या मिशनच्या दफनभूमीत गेल्यावर कळते.

आणि ‘दफन हे आपल्याकडचे नव्हे’ असे जे सहज बोलले जाते, त्याला तर काय म्हणावे? लिंगायत पुरतात, गोसावी पुरतात, महानुभाव पुरतात, संन्याशाची समाधी होते, तान्हे मूल कोणत्याही घरचे असो ते बहुधा पुरले जाते. गोंडांत पुरण्याची चाल जुनी. आमच्या विदर्भात तर शिळावर्तुळांच्या रूपाने दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची दफने शेताशेतांत आहेत. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची अशीच शिळावर्तुळे पाहून रात्री परत येताना नाल्याच्या पुरात बुडून मेला. ज्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात 1883 पासून उभे आहे तोच हा. त्याने गोंडी भाषेतील लिंगोचे गीत टिपून ठेवले होते. रिचर्ड टेंपलने त्याची कागदपत्रे 1866 साली संपादून छापली. परक्या माणसाने आपल्या पुरलेल्यांसाठी रात्री पूर ओलांडला. त्या माणसाच्या आवारातले आपलेच लोक वाचायला आपण दिवसाढवळ्या फाटक ओलांडत नाही.

टिळकांकडे पुन्हा एकदा येतो, कारण दफनाच्या या सगळ्या चौकटीला त्यांच्याइतका सुंदर धक्का कोणी दिला नाही. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला ख्रिस्ती दफनभूमीत ठेवल्या गेल्या. नोंदवहीच्या ‘दफन’ या रकान्याला यात काय लिहावे? ज्या कवीने अभंगाला ख्रिस्ती केले त्याने दफनभूमीत अग्नी नेला. टिळकांच्या कवितेतील संश्लेषणावर प्रबंध आहेत. त्यांच्या अंत्यविधीतील हे संश्लेषण कोणी तितक्याच बारकाईने वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती वर सांगितलेल्या आक्षेपांसारखी पुस्तकी नाही. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्यांना मिळत नाही. हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच तो आहे. म्हणजे चर्चच्या वहीतील एक नाव एखाद्या घराची शिष्यवृत्ती, नोकरी, आरक्षित जागा अडचणीत आणू शकते. ज्या कागदातून आपल्याला भाषेचा इतिहास मिळणार तोच कागद दुसऱ्याच्या दाखल्याच्या अर्जावर हरकत म्हणून लागू शकतो. म्हणून ‘सगळ्या वह्या स्कॅन करून खुल्या करा’ असा जो उत्साह संगणकप्रेमी मंडळी दाखवतात त्यात मी सामील नाही. जुन्या आणि अलीकडच्या नोंदींत फरक करावा लागेल, नावे झाकावी लागतील, आणि सर्वांत आधी ज्या समाजाची ही वही आहे त्याच्याशी बोलावे लागेल. लंडनने नकला मागवताना कोणाला विचारले नव्हते. आपण तरी विचारावे.

बोलायचे कोणाशी, हेही गुंतागुंतीचे आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा अनेक परंपरा एका छत्राखाली आल्या. त्यांच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धती निराळ्या, वह्यांची भाषा कुठे इंग्रजी तर कुठे मराठी. कॅथलिकांचे दप्तर तर स्वतंत्रच, त्यात लॅटिनही भेटेल. धर्मगुरूची बदली झाली की कपाटाची किल्ली कोणाकडे हे विचारत फिरावे लागते. पण जातपंचायतींच्या आणि देवस्थानांच्या दप्तरांसाठी आपण हे सारे करतोच की.

माझी मागणी लहान आहे. ‘भाषेचा इतिहास’ या पेपरात कोरीव लेखांची मर्यादा यादवकाळाशी थांबवू नये. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या दहा कोसांतील एक दफनभूमी, मग ती ख्रिस्ती असो, गोसाव्यांची असो वा लिंगायतांची, प्रकल्पासाठी घ्यावी. पास्टोरेट कमिटीची किंवा ज्यांची जागा असेल त्यांची लेखी परवानगी घ्यावी. लेख आहे तसा उतरवावा, चुकीसकट. ‘स्वर्गवाशि’ असेल तर ‘स्वर्गवासी’ करू नये. ओळ जिथे तुटते तिथेच तोडावी. दगड कोणता, अक्षर खोदलेले की उठावाचे, शेजारी कोणाची कबर, हे लिहावे. एक प्रत ग्रंथालयात आणि एक त्या चर्चमध्ये ठेवावी.

या कामाला दिवाळीनंतरचे दिवस चांगले, गवत वाळलेले असते. सकाळी आठच्या आत पोचावे, कारण तिरप्या उन्हात झिजलेले अक्षरही सावली टाकते. ऊन डोक्यावर आले की तोच दगड कोरा दिसतो. झाडाखालच्या दगडांसाठी एक मोठा आरसा बरोबर न्यावा आणि त्याने उजेड बाजूने पाडावा. तारेचा ब्रश, आम्ल, खडू, तेल यांतले काही लावू नये. शेवाळ असेल तर साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरतो, आणि दगडाचे पापुद्रे सुटत असतील तर तेही नको, नुसते छायाचित्र घ्यावे.